तुम्ही विचारलंत म्हणून: सिसिलीच का?

इटलीच्या इतिहासावर बोलताना मी रोम आणि फ्लॉरेन्स मागे टाकून सिसिलीतच रमतो. 'त्या बेटात एवढं काय आहे?' असं मला बरेचजण विचारतात.

सिसिलीची राजधानी पालेर्मो, तिथल्या झीझा राजवाड्यात एक दगड ठेवला आहे. ग्रिझान्तो नावाच्या पाद्र्याने ११४९ साली आपल्या आईच्या, आनाच्या, स्मरणार्थ तो कोरवून घेतला. त्यावर तिच्या मृत्यूची नोंद लॅटिन, ग्रीक आणि अरबीत आहे. चौथ्यांदा पुन्हा अरबीच, पण ज्यूंच्या हिब्रू अक्षरांत. प्रत्येक मजकुरात कालगणना वेगळी. हा लेक नॉर्मन राजा दुसऱ्या रॉजरच्या पदरी होता, तेव्हा हे चारही प्रकारचे वाचक त्याच्या शहरात होतेच.

ते तिथे आले कसे, हे शोधू लागलं की अख्खा इतिहास उलगडतो. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात कोरिंथच्या ग्रीकांनी सिराकूझा वसवलं. तिथलं अथेनाचं देऊळ पुढे कॅथेड्रल झालं, त्याचे डोरिक (जुन्या ग्रीक शैलीतले) खांब आजही चर्चच्या भिंतीत दिसतात. मग रोमन आले आणि त्यांनी इथला गहू नेला. पुढे आलेल्या बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सत्तेला ८२७ पासून अरबांनी हटवायला सुरुवात केली; लिंबं, ऊस आणि पाटाचं पाणी यांनी बेटाची शेती बदलली. १०६१ नंतर नॉर्मन, म्हणजे उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या, सरदारांनी बेट जिंकलं.

नॉर्मन होते मूठभर. जमिनीची आणि कराची दफ्तरं ग्रीक-अरबीत, म्हणून ती वाचणारी माणसं दुसऱ्या रॉजरने दरबारी ठेवली. अल-इद्रिसी या अरब भूगोलतज्ज्ञाने ११५४ साली आपला भूगोलग्रंथ त्याच्यासाठीच पुरा केला. याला कुणी सहिष्णुतेचं सुवर्णयुग म्हणतं, मला ते पटत नाही. ती राज्यकर्त्याची गरज होती. पण जिंकलेल्यांचं ज्ञान कामाचं आहे हे ओळखायलाही शहाणपण लागतं, आणि ते रॉजरकडे होतं.

गरज सरली तसं ते टिकलं नाही. ११६१ च्या बंडाळीत पालेर्मोत मुसलमानांची कत्तल झाली. पुढे दुसऱ्या फ्रेडरिकने, रॉजरच्याच लेकीच्या मुलाने, बंडखोर मुसलमानांना बेटावरून उचलून दक्षिण इटलीच्या मुख्य भूमीवर, पुलियातल्या लुचेरात नेऊन बसवलं. हाच फ्रेडरिक अरबी विद्येचा मोठा चाहता! १३०० साली लुचेराची वस्तीही मोडली गेली आणि बहुतेकांना गुलाम म्हणून विकलं गेलं. तोवर बेट स्पेनच्या राजाकडे गेलं होतं; ज्यूंना बेट सोडायला लावणारं स्पॅनिश फर्मान १४९२ चं.