‘याचे किती येतील?’ – तुम्ही विचारलंत म्हणून

जुन्या फर्निचरचं वय आणि किंमत सांगायचं काम करते, म्हणून मला कपाटाचा फोटो येतो. समोरून काढलेला, दारं बंद, वर फुलदाणी. खाली एक ओळ: ‘आजोबांच्या वेळचं आहे, याचे किती येतील?’ खण पूर्ण बाहेर काढा, उलटा करा आणि त्याचा फोटो पाठवा, असं कळवलं की पलीकडे शांतता. पंधरा दिवसांनी दुसरा फोटो येतो. तेच कपाट, पण आता आरशासारखं चकाकणारं. ‘आधी घासून पॉलिश करून घेतलं, आता नीट दिसेल.’ जे बघायचं होतं ते सगळं पॉलिश पेपरबरोबर गेलेलं असतं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

‘किती जुनं’ आणि ‘किती येतील’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुम्ही ते एका दमात विचारता. शंभर वर्षं पूर्ण झाली की वस्तू ‘अँटिक’ होते, हा समज मुख्यतः जकातीच्या नियमांतून आलेला आहे. अमेरिकेच्या १९३० च्या कायद्यात १८३० ही ठरावीक सीमा होती, १९६६ मध्ये ती शंभर वर्षांवर आणली. ती रेषा कर आकारण्यासाठी होती, किंमत ठरवण्यासाठी नव्हे.

वय शोधायचं ते सुताराला कुणी बघेल असं वाटलं नव्हतं तिथे. मागच्या फळ्या, खणाचा तळ, टेबलाच्या माथ्याची खालची बाजू. बॅटरी तिरपी धरा, म्हणजे करवतीचे ओरखडे उठून दिसतात. कमानीसारखे वळलेले असतील तर गोल करवत. अशा खुणा १८३० च्या आधीच्या फर्निचरवर क्वचितच सापडतात. सरळ पण कमीजास्त अंतराचे, किंचित तिरके ओरखडे असतील तर हाताने ओढलेली करवत. पण यंत्र पोहोचलं नव्हतं तिथे हातकरवत पुढे कित्येक वर्षं चालूच होती. म्हणजे खूण सांगते ती इतकंच की वस्तू ‘याच्या आधीची नाही’. ‘याच वेळची आहे’ असं ती कधीच सांगत नाही, आणि ऐकणाऱ्याला नेमकं तेच ऐकायचं असतं.

स्क्रूचंही तसंच. टोकदार स्क्रू सर्रास मिळू लागले ते १८४० च्या दशकाच्या अखेरीपासून. त्याआधीचे बोथट, आणि डोक्यावरची खाच बहुधा मध्यावर नसलेली. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकातले आणि नंतरचे. मात्र स्क्रू पाच मिनिटांत बदलता येतो, म्हणून स्क्रूपेक्षा भोक बघा. जुन्या लोखंडाभोवती लाकूड काळवंडलेलं असतं. चकचकीत नव्या स्क्रूभोवती काळं वलय म्हणजे स्क्रू बदलला आहे, जागा जुनी आहे. जुना स्क्रू आणि भोवती स्वच्छ लाकूड असेल, तर मात्र सावध व्हा.

डोव्हटेल सांध्यावर, म्हणजे खणाच्या कोपऱ्यात पंख्यासारखे दात एकमेकांत अडकवून केलेल्या जोडावर, लोक फार विसंबतात. हाताने कापलेल्यात दातांची रुंदी सारखी नसते आणि मुळाशी खुणेची बारीक ओरखड्याची रेघ असते. एकसारखे दात म्हणजे यंत्र, अर्थात एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध किंवा त्यानंतर. खणाच्या बाजूला अर्धगोल आणि मध्ये खिट्टी असा सांधा दिसला तर काम सोपं: तो अमेरिकेतला यंत्राने केलेला नॅप सांधा, १८७० च्या सुमारास आला आणि १९०० च्या सुमारास मागे पडला. इतकी नेमकी खूण दुसरी क्वचितच मिळते.

गोल टेबल असेल तर टेप काढा. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आक्रसतं, लांबीने जवळजवळ नाही. नव्वद सेंटिमीटरच्या जुन्या भरीव माथ्याचे दोन व्यास मोजले तर काही मिलिमीटरचा फरक हमखास येतो. दोन्ही मापं तंतोतंत जुळली तर माथा नवा आहे किंवा आत प्लायवूड आहे. विनियर, म्हणजे वरून चिकटवलेला चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा, जिथे उडाला असेल त्या कोपऱ्यात त्याची जाडी मोजा: करवतीने कापलेलं जुनं विनियर दीड ते तीन मिलिमीटर, आजचं साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. पॉलिश ओळखायला न दिसणाऱ्या जागी कापसाचा बोळा लावा. स्पिरिटने चिकट झालं तर लाखेचं पॉलिश, फक्त थिनरने विरघळलं तर १९२० नंतर आलेलं लॅकर, कशानेच काही झालं नाही तर पॉलियुरेथेनसारखं अलीकडचं काहीतरी. हे वय पॉलिशचं, लाकडाचं नव्हे.

किड्याची भोकं म्हणजे जुनेपणाचा पुरावा, असं समजणाऱ्यांसाठी एक गोष्ट. किडा बाहेर पडताना लहान गोल भोक पाडतो, सामान्य फर्निचर किड्याचं दीड-दोन मिलिमीटरचं. पृष्ठभागावर लांबट, उघड्या नळीसारखे चर दिसत असतील तर किडा लागून गेल्यावर ते लाकूड कुणीतरी कापलं आहे. जुन्या फळ्यांचं नवं कपाट. भोकातून पांढरट भुकटी ताजी पडत असेल, तर मात्र आधी उपचार, मग इतिहास.

आता ज्या कपाटामुळे मला हे सगळं इतक्या तावातावाने सांगावंसं वाटतं, ते.

चार खणांचं कपाट. दोन भावंडांची वाटणी. एकाने कपाट ठेवायचं, दुसऱ्याला निम्मी किंमत रोख. किमतीचा आकडा माझा. वरचा खण पूर्ण काढून पाहिला: हातचे डोव्हटेल, खुणेची रेघ, खोबणीत सरकवलेला तळ, खालची बाजू कोरडी तपकिरी, मागे पेन्सिलीने आकडा. दुसरा-तिसरा अर्धाच बाहेर आला, आत कपडे होते. सर्वात खालचा घट्ट बसला होता, तो राहिला. मागच्या फळ्या ठीक. अहवालात लिहिलं: एकाच काळातलं, अखंड, मूळ.

तीन वर्षांनी पाय डुगडुगायला लागला म्हणून सुताराने कपाट आडवं केलं आणि खालचा खण ठोकून बाहेर काढला. वरच्या तिघांना चार-चार दात, याला पाच. वरच्या तिघांच्या तळाच्या रेषा डावीकडून उजवीकडे, याच्या पुढून मागे. वर पेन्सिलीचे आकडे, इथे पटाशीने मारलेल्या उभ्या रेघा. दर्शनी फळीच्या आतल्या बाजूला मुठींची बुजवलेली दोन जादा भोकं, आणि बाहेर त्यांचा मागमूस नाही, म्हणजे बाहेरून नवं विनियर चढवलेलं. आणि निर्णायक गोष्ट: खणाच्या बाजूंची खालची कड चार-पाच मिलिमीटर झिजलेली, पण ज्या पट्टीवर तो सरकायचा ती सपाट, कोरी. एकमेकांवर वर्षानुवर्षं घासलेल्या दोन लाकडांपैकी एकच झिजत नाही. पायांचा तळ सगळीकडे एकाच गडद रंगाचा होता. खरं वय असं एकसारखं चढत नाही, डब्यातला रंगच तसा चढतो.

तो खण बहुधा बाकीच्या कपाटापेक्षा जुना होता. तरीही किंमत निम्म्याच्या खाली आली, कारण वस्तू ‘लग्न लावलेली’ निघाली, दोन वस्तूंची एक केलेली. पैसे देऊन बसलेल्याने फरक मागितला. दुसऱ्याने सांगितलं, पैसे खर्च झाले आणि कपाट तीन वर्षं तू वापरलंस.

भरलेलं कपाट, अर्धा तास, रिकामं करायला कुणी तयार नाही, हे सगळं खरं आहे. पण हवा कोरडी होती, तीन खण सैल सरकत होते आणि एकच घट्ट होता. ती खूण डोळ्यांसमोर होती आणि मी तिला अडचण समजले. त्यानंतर अहवालात ‘तपासलेल्या भागापुरतं’ असं लिहिते. तो प्रामाणिकपणा आहे की पळवाट, यावर माझं मत दर वेळी बदलतं.

किमतीचं थोडक्यात. विम्याची किंमत म्हणजे तशीच वस्तू दुकानातून पुन्हा घ्यायचा खर्च, ती सर्वात जास्त. लिलावाचा भाव त्याहून कमी, आणि त्यातूनही विकणाऱ्याचं कमिशन जातं. छापून येणाऱ्या आकड्यात कधी खरेदीदाराने वर भरलेली रक्कमही धरलेली असते, ती तुमच्या हाती येत नाही. व्यापारी बहुधा दुकानातल्या किमतीच्या निम्म्याहून कमी देऊ करेल. त्याला चोर म्हणण्याआधी वाहतूक, दुरुस्ती आणि न विकता पडून राहणारी जागा मोजा. कुणी किती मागतंय ते बघू नका, कितीला गेलं ते बघा. अवजड गडद लाकडाची कपाटं गेल्या वीसेक वर्षांत खूप उतरली आहेत. १९५०-६० च्या दशकातली नामांकित डिझायनरची एखादी हलकी खुर्ची दीडशे वर्षांच्या कपाटाला मागे टाकते. शिसवी वस्तू देशाबाहेर पाठवायची असेल तर आधी कागदपत्रांची चौकशी करा, कारण शिसव ज्यात मोडतो त्या डाल्बर्जिया वंशातली झाडं २०१७ पासून सरसकट सायटीसच्या, म्हणजे धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहेत.

मूळ पॉलिशला बोटही लावू नका, असं मी पूर्वी सरसकट सांगायचे. आज ते पटत नाही. कारखान्यात शेकड्याने निघालेलं साधं कपाट खुशाल घासा, रंगवा, वापरा. पण ते साधं आहे हे घासण्याआधी कळायला हवं ना? इथे मी पुन्हा पहिल्या वाक्याशी येते, आणि तुम्ही पुन्हा समोरून फोटो पाठवता.

तर पुढच्या वेळी कपडे बाहेर काढा. आणि जो खण निघत नाही, त्याचाच फोटो आधी पाठवा.