रुग्ण अंघोळीला नको म्हणाला तर

जर्मनीतल्या नोकरीसाठी दिलेल्या पहिल्या मुलाखतीतला तिसरा प्रश्न मला अजून शब्दशः आठवतो. "सकाळी रुग्ण अंघोळीला नको म्हणाला, तर तुम्ही काय कराल?" मी लगेच म्हणाले, "नातेवाइकांना बोलावून घेईन, ते समजावतील." पडद्यावरच्या दोघी जणी थांबल्या. मग त्यातल्या वयस्कर बाईंनी शांतपणे विचारलं, "आणि नातेवाईक नसतील तर?" मी म्हणाले, "डॉक्टरांना सांगेन." त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. पुढच्या दहा मिनिटांत मुलाखत संपली आणि चार दिवसांनी नकाराची मेल आली.

ही फेब्रुवारी २०२३ मधली गोष्ट. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून मला सात वर्षं झाली होती, मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डला होते. जर्मनची बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची, परीक्षा पास झालेली होती. भाषा कमी पडली असणार, असं सगळे म्हणाले. मलाही आधी तसंच वाटलं. पण मुलाखतीतला एकही शब्द मला न समजलेला नव्हता. मी दिलेलं उत्तर मिरजेत बरोबर होतं आणि तिथे चूक, हे कळायला मला पुढचे दोन महिने लागले.

आपल्या वॉर्डात पेशंटजवळ माणूस असतो. डबा, थर्मास, चादर घेऊन तो कॉटखाली झोपतो. भरवणं त्याचं, कूस बदलायला हात लावणं त्याचं, शौचाला नेणं त्याचं. स्पंजिंगला मावशी असतात. सिस्टर इंजेक्शन देते, सलाईन लावते, औषधं देते, राउंड घेते, केस पेपर लिहिते. चाळीस पेशंटना दोन सिस्टर असतील तर दुसरं काही करायला वेळ तरी कुठे असतो? नस मिळत नसेल तर इतर वॉर्डातून मला इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवायची नळी, टाकायला बोलावत, आणि माझ्या कामाचा मला जो काही अभिमान होता तो त्याच्यात होता.

जर्मनीत इंट्राकॅथ बहुतेक ठिकाणी डॉक्टर टाकतात. आणि आपल्याकडे नातेवाईक आणि मावशी जे करतात, ते तिथे शिकलेली परिचारिका करते. अंग पुसणं, दात घासून देणं, भरवणं, चालवणं. हे करताकरता ती रुग्णाची कातडी बघते, श्वास बघते, तो आज कालच्यापेक्षा गोंधळलेला आहे का ते बघते. त्याला ते नर्सिंगचा पाया मानतात. एजंटनं आम्हाला मुलाखतीसाठी जे पाठ करायला दिलं होतं, त्यात "जर्मनीच का?" याचं उत्तर होतं, छंद होते, स्वतःची ओळख होती. हे कुठेच नव्हतं.

त्या एजंटविषयी एवढंच सांगते की त्यांनी माझ्याकडून फाईलचे म्हणून पंचवीस हजार घेतले आणि ऑफर आल्यावर अजून दोन लाख मागणार होते. पावती दिली नाही. नंतर कळलं की परिचारिकांच्या भरतीत मध्यस्थाचा खर्च नोकरी देणाऱ्यानं करायचा असतो. अशा पद्धतीनं भरती करणाऱ्यांना देण्यासाठी जर्मन सरकारनं एक दर्जाचिन्हही ठरवलंय. मी त्या एजंटचा नाद तिथेच सोडला. पैसे परत मिळाले नाहीत. तुमच्याकडे कुणी मोठी रक्कम मागत असेल, तर तुम्ही घाई करू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. अण्णांनी द्राक्षाच्या पैशातून ते पंचवीस हजार दिले होते आणि ते मला अजून लागतं.

भाषेचंही थोडं सांगायला हवं, कारण मराठी माणसाला जर्मन जेवढी अवघड सांगतात तेवढी ती नाही. ड्युटी संपवून रात्री आठ ते दहा मी ऑनलाइन वर्ग करत असे. शिकवणाऱ्या बाई पुण्याच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी 'त्सिमर' म्हणजे खोली हा शब्द फळ्यावर लिहिला आणि म्हणाल्या, "हा चमच्यातला च." चाक, चूल, चमचा यांतला च आपल्या तोंडात लहानपणापासून आहे. तीन लिंगं आपल्यालाही आहेत. देअर, दी, दास म्हणजे तो, ती, ते. ती जुळत नाहीत, पाठच करावी लागतात, पण वस्तूला लिंग असतं याचं आपल्याला नवल वाटत नाही. परक्या मोठ्या माणसाला 'झी' म्हणायचं, म्हणजे अहो-जाहो करायचं, हे तर सांगावंही लागत नाही. आणि 'कारण' म्हटलं की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं. वाइल देअर पात्सिएंट श्मेर्त्सन हाट. कारण रुग्णाला वेदना आहेत. शब्दाखाली शब्द बसतो. मी इंग्रजीतून भाषांतर करत होते तोवर अडखळत होते. मराठीतून विचार करायला लागले तशी वाक्यं सुटसुटीत झाली.

नकार आला त्या आठवड्यात आजी घरी आली होती. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालं होतं, आणि तासगावजवळच्या आमच्या घरी ती पलंगावर होती. मी रजा टाकून गेले. तिला पुसायचं काम आईचं होतं, ते मी घेतलं. आणि बोलण्याचा सराव व्हावा म्हणून जे करत होते ते जर्मनमध्ये मोठ्यानं म्हणायला लागले. आता तुमची पाठ पुसते. आता डाव्या कुशीवर वळा. पाणी गरम आहे का? आजी म्हणायची, "कसला मंत्र म्हणतीस गं?" मी अर्थ सांगायची. दोन दिवसांनी तिनंच सांगितलं, "आधी सांगून मग हात लावतीस, त्ये बरं वाटतंय."

सात वर्षांत कुणा पेशंटला हात लावण्याआधी मी एवढं सांगितलं नव्हतं. वेळच नसायचा, हे खरं आहे. पण सांगायचं असतं हे मनातही येत नव्हतं, हेही खरं आहे.

चौथ्या दिवशी सकाळी आजी म्हणाली, "आज नको. ऱ्हाऊ दे." माझ्या तोंडावर आलं होतं की आईला हाक मारते. थांबले. तिच्याजवळ बसून विचारलं, का नको? रात्रभर पाय ठणकत होता. गोळी रात्रीनंतर दिलेलीच नव्हती. मी गोळी दिली, अर्धा-पाऊण तास जाऊ दिला. मग म्हटलं, सगळं नको, नुसता चेहरा आणि हात पुसू या? रुमाल तिच्याच हातात दिला. चेहरा तिनं स्वतः पुसला. मागचं दुपारी केलं, तेव्हा माकडहाडाजवळ कातडी लाल दिसली. बोटानं दाबून पाहिलं, लाली जात नव्हती. बेड सोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, ती सुरुवात होती. त्या दिवसापासून दर दोन तासांनी कूस बदलायला लागलो आणि ते आठवड्यात निवळलं.

त्या रात्री मी वहीत हे सगळं जर्मनमध्ये लिहून काढलं. एक पान झालं. मग दुसऱ्या दिवशी आणखी एक प्रसंग: रुग्ण पडला तर. साखर कमी झाली तर. नातेवाईक चिडून बोलले तर. रुग्णाला आज दिवस कुठला ते कळत नसेल तर. मिरजेला परतल्यावर आमच्या इन्चार्ज सिस्टरना वही दाखवली. त्यांना जर्मन येत नाही. त्या म्हणाल्या, "तू मराठीत सांग, मी ऐकते. मला पटलं तर त्यांनाही पटेल." मॉर्निंग ड्युटी संपवून ओव्हर दिला, म्हणजे पुढच्या शिफ्टला काम सोपवलं, की अर्धा तास त्या माझ्यासमोर बसायच्या. "अगं, डॉक्टरांना सांगेन हे बरोबर, पण ते येईपर्यंत तू काय करशील ते सांग." हा एक प्रश्न त्यांनी मला वीस वेळा तरी विचारला असेल. पेशंट पडला तर आधी उचलायचं नाही. शुद्ध आहे का, कुठे दुखतंय, डोकं आपटलंय का ते बघायचं, बीपी-पल्स घ्यायचे, मदत बोलवायची, आणि शेवटी सगळं लिहून ठेवायचं. हे मला येत होतं. फक्त कुणी विचारलं तर सांगता येत नव्हतं. वहीत अशी तेवीस पानं झाली.

दुसरी मुलाखत एप्रिलमध्ये होती, पश्चिम जर्मनीतल्या रुर भागातल्या एका रुग्णालयाशी. या वेळी आलेल्या संस्थेनं एक रुपया मागितला नाही. समोर तिघे होते: तिथल्या नर्सिंगच्या प्रमुख, म्हणजे आपल्या मेट्रन, वॉर्डच्या इन्चार्ज आणि परदेशातून येणाऱ्यांची व्यवस्था बघणारे एक गृहस्थ. सुरुवातीला एक प्रश्न खरंच कळला नाही. आधी मी अशा वेळी हसून हो म्हणायची. या वेळी म्हणाले, "कृपया पुन्हा सांगाल का, जरा सावकाश?" इन्चार्ज बाईंनी वहीत काहीतरी टिपलं आणि मला भीती वाटली. नंतर त्यांनीच सांगितलं की मी तसं विचारलं हे त्यांना सगळ्यात जास्त आवडलं होतं. न समजता हो म्हणणारी सिस्टर औषधाच्या बाबतीत धोकादायक असते.

अंघोळीचा प्रश्न आलाच. मी आजीचं सांगितलं. गोळी, पाऊण तास, रुमाल, लाल कातडी. व्याकरणाच्या चुका झाल्या असतील. मेट्रनबाईंनी विचारलं, "आणि दुपारीही नको म्हणाल्या असत्या तर?" मी म्हणाले, "तर नाही केलं असतं. त्यांचं शरीर आहे. कारण लिहून ठेवलं असतं आणि पुढच्या शिफ्टला सांगितलं असतं." त्याच संध्याकाळी होकार कळला.

करार आला तेव्हा तो वर्गातल्या बाईंकडून ओळीओळीनं समजून घेतला. आठवड्याला ३८.५ तास, वर्षाला ३० दिवस रजा, माझ्या शिक्षणाला जर्मनीत मान्यता मिळेपर्यंत सहायकाचा पगार. एक कलम असं होतं की ठरावीक मुदतीआधी सोडून गेलं तर भाषेचा आणि प्रवासाचा खर्च परत करायचा. किती मुदत, किती रक्कम, दर महिन्याला ती कमी होते का, हे मी मेल करून विचारलं आणि लेखी उत्तर आल्यावरच सही केली.

त्यानंतरची कागदपत्रं म्हणजे निव्वळ चिकाटी. सगळ्यात जास्त वेळ गेला तो तासांच्या दाखल्यात. जीएनएमच्या तीन वर्षांत कुठला विषय किती तास, कुठल्या वॉर्डात किती तास प्रात्यक्षिक, हे कॉलेजच्या लेटरहेडवर लागतं, आणि असा दाखला कॉलेजनं आधी कुणाला दिलेला नसतो. मी चार फेऱ्या मारल्या. नोकरी शोधायला लागायच्या आधीच तो घेऊन ठेवा. पासपोर्टवर आणि मार्कशीटवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं होतं, त्याचं प्रतिज्ञापत्र वेगळं. मग कागदांचं साक्षांकन, मग शपथबद्ध भाषांतरकाराकडून भाषांतर. मधल्या काळात बी-टूची, म्हणजे जर्मनच्या पुढच्या पातळीची, परीक्षा दिली. चार भाग असतात, प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. लेखनात ५४ आले. नशीब की तेवढाच भाग पुन्हा देता येतो. ऑगस्टमध्ये तो सुटला.

नोव्हेंबरमध्ये मान्यतेचं पत्र आलं. त्यात माझं शिक्षण कुठे कमी पडतं ते लिहिलेलं होतं, मुख्यतः वृद्धांच्या शुश्रूषेत. ते भरून काढायला तिथे जाऊन एकतर परीक्षा द्यायची किंवा अभ्यासक्रम पूर्ण करायचा. मी अभ्यासक्रम घेतला. व्हिसासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला गेले आणि जानेवारी २०२४ च्या शेवटी इथे उतरले. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र शासनानं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, आणि तेव्हापासून गावाकडून रोज कुणाचा ना कुणाचा फोन असतो.

आता मी वृद्धांच्याच वॉर्डात आहे. ती वही मिरजेतच ठेवून आले होते, इन्चार्ज सिस्टरांकडे. त्यांनी ती आमच्याच वॉर्डातल्या एका मुलीला दिली. तिनं तेविसाव्या पानापुढे आणखी अकरा लिहिलीत आणि रोज रात्री एकेक पान मला बोलून पाठवते. मी सकाळच्या बसमध्ये ऐकते. काल तिनं विचारलं, रुग्ण रडायला लागला आणि कारण सांगत नसेल तर जर्मनमध्ये काय म्हणायचं. मी म्हटलं, इथे आम्ही बऱ्याचदा काहीच म्हणत नाही, खुर्ची ओढून बसतो. तू हे तसंच सांग. तिची मुलाखत येत्या मंगळवारी आहे, आपल्याकडच्या दुपारी अडीच वाजता.