ऑप. झालेले

दिवाळी सरली की आमच्या रुग्णालयाची गाडी दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गावाला निघते. डोळ्याचं ऑपरेशन थंडीतच करावं, ही समजूत अजून गेलेली नाही. एप्रिल-मेमध्ये शिबिर लावलं तर माणूस फिरकत नाही. मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारा. चौदा वर्षं झाली, त्या गाडीत ड्रायव्हरच्या मागची खिडकी माझी.

माणदेशातलं गाव, जानेवारीतला रविवार, जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा. शिबिर तिथल्या लायन्स क्लबचं. क्लब म्हणजे वीसेक माणसं. खतवाले, मेडिकलवाले, दोन निवृत्त गुरुजी आणि बाकी बरीचशी गलाईवाली. विटा-आटपाडीकडची ही घराणी सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. मुलूख कुसळांचा, पण परमुलखात राहणारा कुणीतरी बसचं डिझेल देतो, कुणी पेशंटच्या जेवणाचं बघतो. उद्घाटनात गुरुजी दर वर्षी हेलन केलरची गोष्ट सांगतात. १९२५ साली अमेरिकेत ओहायो राज्यात लायन्सचं अधिवेशन होतं, तिथं जाऊन या बाईनं अंधांसाठी उभं राहा म्हणून साकडं घातलं. गोष्ट रंगात आली की माईक बंद पडतो, तोही दर वर्षी. तोवर रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेलेली असते.

काम ठरलेलं. पहिल्या टेबलावर बीपी आणि साखर, दुसऱ्यावर तक्ता वाचून घ्यायचा, तिसऱ्यावर मी बॅटरी घेऊन. बाहुलीत पांढरं दिसलं की मोतीबिंदू. ज्या डोळ्याचं करायचं त्याच्यावर, भुवईच्या वर चिकटपट्टीचा तुकडा. चिकटपट्टीवाले बसमध्ये, बाकीच्यांना थेंब नाहीतर जवळचा चष्मा. दोनशे माणसं दुपारी तीनच्या आत उरकायची म्हटल्यावर एका माणसाला किती वेळ मिळतो, हिशोब तुम्हीच करा.

साडेबाराच्या सुमारास सुनेचा हात धरून एक आजी आल्या. ऐंशीच्या पुढच्या. स्टुलावर बसल्या. मी नेहमीसारखं म्हटलं, "आजी, वर बघा बरं."

त्या वर बघायच्या ऐवजी माझ्या तोंडाकडे वळल्या. "आवाज वळखला म्या. गेल्या सालीबी तुमीच हुता. ऑपरेशन झालंय, घरी जावा म्हनला. आता पुन्यांदा घरी जावा म्हनू नगा, म्या उठायची न्हाई."

मागं रांगेत हसले लोक. सुनेनं कॅरीबॅगेतून घडी घातलेला कागद काढला. मागच्या शिबिराची चिठ्ठी, कडेला हळदीचा डाग. खाली अक्षर माझं. 'दोन्ही डोळे ऑप. झालेले. मो.बि. नाही.'

यातला शब्दन् शब्द खरा होता. हेच तर वाईट.

बॅटरी मारली. डाव्या डोळ्यात फूल पडलेलं, बुबुळ दुधासारखं, त्याचं काही होण्यासारखं नव्हतं. उजवं मात्र स्वच्छ, बाहुली काळीभोर. मागच्या वर्षी मी इथंच थांबलो असणार. या वेळी वरची पापणी अंगठ्यानं उचलली. बुबुळाच्या आतल्या तपकिरी पडद्याला वरच्या अंगाला, घड्याळात बारा असतात तिथं, एक बारीक त्रिकोणी खाच होती. आजींना म्हटलं, डोळा जरा इकडून तिकडं फिरवा. तो पडदा थरथरला. घंगाळाला धक्का लागल्यावर पाणी हलतं, तसा. त्याला टेकायला मागं काही नव्हतंच. डोळ्यात भिंगच नव्हतं.

आता जे ऑपरेशन होतं त्यात मोतीबिंदू झालेलं भिंग काढून तिथंच कृत्रिम भिंग बसवतात. पूर्वी तसं नव्हतं. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ सालचा. त्या काळी आणि पुढंही बरीच वर्षं शाळेत, धर्मशाळेत बाकं जोडून ऑपरेशनं व्हायची. अख्खं भिंग काढायचं, जागी काही ठेवायचं नाही आणि वर जाड चष्मा द्यायचा, सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा. म्हातारी माणसं त्या चष्म्यातून बघायला लागली की त्यांचे डोळे केवढाले दिसायचे, ते पाहिलेले लोक अजून आहेत. १९९२ मध्ये मदुराईच्या ऑरोलॅबमध्ये स्वस्त भिंगं बनायला लागली. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीचा प्रकल्प महाराष्ट्रासह सात राज्यांत आला. मग हळूहळू गावातली ऑपरेशनं थांबली आणि पेशंट रुग्णालयात यायला लागले. आमच्या पिढीनं ते जाड चष्मे कपाटातच पाहिले. हे कारण म्हणून सांगत नाही. पडद्यावरची ती खाच म्हणजे त्याच जुन्या ऑपरेशनची खूण. ती पुस्तकात होती, मी बघितली नव्हती.

"आजी, जाड चष्मा होता का तुम्हाला?"

"हुता की. हितंच, ह्याच शाळंत केल्यालं डोळं, एका साली एक, फुडल्या साली दुसरा. मग चष्मा दिला. नातवाच्या लग्नात कुनीतरी त्येच्यावर बसलं."

आणि मग? मग सून सांगायला लागली. आठवडी बाजारातल्या चष्मेवाल्याकडं नेलं होतं, त्याच्याकडे असला नंबर नव्हता. नंतर वयानं दिसत नसेल म्हणून सोडून दिलं. नातवाला आता मूल झालं, ते शाळेत जातंय.

ट्रायल फ्रेम म्हणजे नाकावर ठेवायची लोखंडी चौकट, तिच्यात भिंगं सरकवून नंबर काढतात. पेटीतून अधिक दहाचं भिंग काढलं. शिबिरात ते कधी लागत नाही, कागदी पाकिटात तसंच होतं. धूळ पुसली, उजव्या बाजूला घातलं, डावी बाजू झाकली. समोरच्या भिंतीवर इंग्रजी ई-चा तक्ता. अक्षरओळख नसलेल्यांनी ई-चे दात कुठल्या बाजूला आहेत ते हातानं दाखवायचं.

आजींनी तक्त्याकडे बघितलंच नाही. सुनेकडे बघितलं. जरा वेळ गेला. म्हणाल्या, "केस पिकलं गं तुझं."

सून पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. मी तक्त्याकडे वळलो, दुसरं काय करणार. आजींनी हात उजवीकडे, खाली, वर केला. वरून चौथी ओळ वाचली. हाताची बोटंही नीट न दिसणारं माणूस, सहा मीटरवरून.

खजिनदार चहा घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "किती लागतील?" म्हटलं, हजाराच्या आत, पण हे भिंग तयार मिळत नाही, मिरजेला ऑर्डर द्यावी लागेल. आठ-दहा दिवस. त्यांनी खिशातून पैसे काढले. पावती नको म्हणाले.

दिवसातलं अवघड काम त्यापुढं होतं. ट्रायल फ्रेम एकच, रांगेत अजून साठेक माणसं. आजींनी दोन्ही हातांनी ती चौकट धरून ठेवली होती. "आजच्यापुरती द्या, उद्या पोरगं आनून दील." मी नाही म्हटलं. नाकावरून काढली, भिंग पाकिटात घातलं. मग त्यांनी पुन्हा सुनेचा हात शोधला. आठ वर्षं न दिसणं त्यांनी सोसलं असेल, पण मधली ती पाच मिनिटं दाखवून परत घेणं हे मी केलं.

त्या दिवशीचा अहवाल चांगला गेला. तपासलेले २१४, ऑपरेशनसाठी निवडलेले ४७. बससमोर बॅनर धरून फोटो निघाला. आजी त्या दोन्ही आकड्यांत कुठं बसतात? पहिल्यात. मागच्या वर्षीच्या पहिल्यातही त्या होत्याच.

चष्मा दहाव्या दिवशी आला. क्लबातला एक पोरगा मोटरसायकलवरून वस्तीवर देऊन आला. त्यानं निरोप आणला: चांगलं दिसतंय, पण जड आहे, नाकावर वळ उठतोय, आणि सगळं मोठं दिसतं म्हणून उंबऱ्यावर पाय दोनदा चुकला. खरंच, अशा चष्म्यातून वस्तू पंचवीस-तीस टक्के मोठी आणि जवळ दिसते. हे मी आधी सांगायला हवं होतं. मागं बांधायला इलॅस्टिक पाठवलं.

त्या आठवड्यात संध्याकाळी थांबून तीन वर्षांच्या शिबिराच्या वह्या काढल्या. 'ऑप. झालेले' हा शेरा, आणि पुढं दृष्टी जवळजवळ नाहीच अशी नोंद. असे एकतीस निघाले. त्यातले बावीस माझ्या अक्षरातले. सगळ्यांनाच भिंग नसेल असं नाही. काहींच्या बसवलेल्या भिंगामागं जाळी धरली असेल, ती लेझरनं पाच मिनिटांत निघते. काहींचा डोळ्यातला मागचा पडदा, रेटिना, गेला असेल. पण बघायला तर हवं. यादी गुरुजींना पाठवली, त्यांनी गावागावच्या आशाताईंना.

पहिला फोन तिसऱ्या दिवशी आला. "सर, यादीतले माझ्या गावचे चार. तिघांना रविवारी घेऊन येते. चौथे आजोबा गेल्या महिन्यात वारले."