रादेगोंदचं वय बेचाळीस की पन्नास? एका अकेडियन घराण्याचा माग

कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर राहायला आलं की ब्लाँशार, लब्लाँ, लाँद्री ही आडनावं कानावर पडतातच. ही अकेडियन माणसं. सतराव्या शतकात फ्रान्सहून येऊन पोर्ट रॉयलच्या, म्हणजे आजच्या नोव्हा स्कोशियातल्या अ‍ॅनापोलिस रॉयलच्या परिसरात वसलेल्या शेतकऱ्यांचे हे वंशज. १७५५ पासून ब्रिटिशांनी त्यांना जहाजांत कोंबून देशोधडीला लावलं. तरीही आज यांच्यातला कुणी नेटाने बसला, तर थेट मूळ जोडप्यापर्यंत पोचू शकतो. ज्याँ ब्लाँशार आणि रादेगोंद लाँबेर हे असंच एक जोडपं.

सुरुवात स्वतःपासून करायची आणि एकेक लग्न गाठत मागे जायचं. जन्मापेक्षा लग्नाची नोंद मोलाची, कारण चर्चच्या वहीत वधू-वर दोघांच्याही आईवडिलांची नावं सहसा सापडतात. शिवाय फ्रेंच नोंदींत बाई शेवटपर्यंत माहेरच्या आडनावानेच लिहिली जाते. आपल्या कितीतरी जुन्या वंशावळींत बायकांचा पत्ताच नसतो. इथे आईच्या बाजूनेही तितकंच खोल जाता येतं.

खरी अडचण १७५५ नंतरच्या तीसेक वर्षांत येते. एकाच घरातला एक भाऊ मॅसॅच्युसेट्समध्ये, दुसरा फ्रान्समध्ये, तिसरा लुइझियानात. त्यात प्येर, जोझेफ, मारी ही नावं प्रत्येक घरात. इंटरनेटवरच्या वंशावळींत दोन चुलतभावांचा एकच माणूस होतो तो इथेच. बायकोचं माहेर आणि बाप्तिस्म्याला उभे राहिलेले धर्ममातापिता जुळल्याशिवाय पुढे सरकू नये.

हा टप्पा ओलांडला की पोर्ट रॉयलच्या चर्चच्या वह्या मिळतात, १७०२ ते १७५५ पर्यंतच्या. नोव्हा स्कोशियाच्या अभिलेखागाराने त्या ऑनलाइन मोफत ठेवल्या आहेत. ग्राँ-प्रे या दुसऱ्या अकेडियन वस्तीच्या वह्या हाकलून दिलेल्या लोकांबरोबर लुइझियानात गेल्या. त्या आता तिथल्याच बॅटन रूज शहराच्या धर्मप्रांताकडे आहेत. लग्नाच्या नोंदीत ‘तिसऱ्या पिढीच्या नात्याची सूट’ असं काही दिसलं, म्हणजे नात्यातल्या लग्नाला चर्चने दिलेली खास परवानगी, तर ते सोडू नका. तिसरी म्हणजे पणजोबा-पणजी सामायिक, चौथी म्हणजे त्याच्याही वरची एक पिढी. ज्या भावंडांचा एकही कागद उरला नाही, त्यांची नाती अभ्यासकांनी अशा सुटींवरून लावली आहेत. मात्र नातं नेमकं कोणत्या बाजूचं हे पाद्री लिहीत नाही; तिसऱ्या पिढीसाठी दोघांचेही आठ-आठ पणजोबा-पणजी ताडून पाहावे लागतात.

१७०२ च्या मागे मुख्य आधार जनगणनांचा. १६७१ साली पाद्री लोराँ मोलँ घरोघर फिरले आणि माणसं, वयं, गुरं, जमीन लिहून घेतली. पिंपं बनवणाऱ्या प्येर लानूला वय विचारलं तर त्याने निरोप पाठवला, मी ठणठणीत आहे, वय सांगणार नाही. एत्येन रोबिशो घरातून निघूनच गेला. शिंपी प्येर मेलँसाँच्या बायकोने, असल्या गोष्टींसाठी रस्तोरस्ती फिरायला वेड लागलंय का, असं सुनावलं. मोलँनी हे सगळं जसंच्या तसं लिहून ठेवलं, म्हणून मला ही यादी फार जवळची वाटते. आणि यातली वयं कशा परिस्थितीत लिहिली गेली, हेही त्यातून कळतं.

आता ब्लाँशारांचं घर. १६७१ मध्ये ज्याँ ६०, रादेगोंद ४२, थोरली मुलगी मादलेन २८. म्हणजे आई झाली तेव्हा रादेगोंद चौदा वर्षांची! १६८६ च्या जनगणनेत ज्याँ ७५ आहे, बरोबर पंधरा वर्षांनी मोठा. रादेगोंद मात्र ६५. या हिशोबाने तिचा जन्म १६२१ च्या सुमाराचा आणि पहिल्या बाळंतपणाचं वय बावीस. हेच धरावं.

तिसरा कागद फ्रान्सच्या बेल-ईल बेटावरचा. १७६५ मध्ये तिथे ७८ अकेडियन कुटुंबं वसवली गेली, आणि १७६७ मध्ये त्यांच्याकडून वंशावळी वदवून घेतल्या. त्यात म्हटलंय, ज्याँ ब्लाँशार फ्रान्सहून बायको गियमेत लाँबेरला घेऊन आला. नाव चुकलेलं. मूळ जोडप्यानंतर शतक उलटलेलं, सगळं आठवणीतून सांगितलेलं. तेव्हा नाव १६७१ च्या यादीतलंच घ्यायचं.

‘फ्रान्सहून आली’ हा भाग मात्र टाकून देऊ नये. रादेगोंद मूळची मिगमाक, म्हणजे त्याच भागातली आदिवासी होती असं बरीच वर्षं सांगितलं जायचं. तिच्या अखंड स्त्रीवंशातल्या, म्हणजे आईकडून मुलीकडे अशा साखळीतल्या वंशजांच्या डीएनए चाचणीत ‘एक्स’ गट निघाला, तेव्हा या समजाला बळच मिळालं, कारण त्या गटाची एक शाखा अमेरिकेच्या मूलनिवासींत आढळते. पूर्ण तपासणीत शाखा वेगळी निघाली, एक्स-टू-बी-फोर, आणि ती युरोपातली. म्हणून अर्धवट चाचणीवर पैसे घालवू नयेत. आईकडून येणाऱ्या या डीएनएचा पूर्ण अनुक्रम, म्हणजे त्यातली सगळी अक्षरं क्रमाने काढावीत, तीही दोन वेगवेगळ्या मुलींच्या वंशजांचा. दोन निकाल जुळले नाहीत, तर कागदांच्या साखळीत कुठेतरी चुकीचा दुवा घुसलाय असं समजावं.

रादेगोंदच्या आईवडिलांची नावं अनेक ऑनलाइन वंशावळींत खुशाल भरलेली दिसतील. त्यांना कुठलाही कागद नाही. तो रकाना कोराच ठेवावा.