नाराची दर्शनबारी

२०१० साली नारा शहराने जपानची राजधानी झाल्याची १३०० वर्षं साजरी केली. मी तेव्हा ओसाकात नोकरीला होतो आणि आई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी राहायला आली होती. शोसोइन खजिन्याचं प्रदर्शन आणि जुन्या हेइजो राजवाड्याची जागा, दोन्ही तिला एकाच दिवसात दाखवायचं मी ठरवलं. तिच्या गुडघ्यांचा विचार केला नाही, ही पहिली चूक.

तिकिटं आदल्या रात्री कोपऱ्यावरच्या दुकानातल्या यंत्रातून काढली. पडद्यावर सगळं जपानी आणि माझी कांजी लिपी तिसरीतल्या पोराइतकी. दोनदा बेसबॉलच्या पानावर जाऊन पोचलो. शेवटी गल्ल्यावरच्या मुलीनेच येऊन काढून दिली. हा खटाटोप केल्याने तेव्हा तिकीटखिडकीची रांग टळायची. आत जायची टळत नसे.

ती रांग नारा पार्कात, राष्ट्रीय संग्रहालयासमोर. ऑक्टोबरचा शेवट, कामाचा दिवस, तरी सव्वा-दीड तासाचा अंदाज सांगणारा माणूस पाटी घेऊन उभा. रांगेच्या कडेने हरणं फिरत होती. त्यातल्या एकाने माझ्या हातातला नकाशा अर्धा खाल्ला. आमच्या पुढे एक आजीबाई होत्या. इसवी सन ७१० लक्षात कसं ठेवायचं ते त्यांनी शिकवलं : सात म्हणजे ‘नाना’, दहा म्हणजे ‘तो’, मिळून ‘नान्तो’, म्हणजे ‘अहाहा, केवढी!’ त्यापुढे हेइजोक्यो, त्या राजधानीचं नाव. जपानी पोरं सनावळी अशी पाठ करतात. मी आईला हे सांगितलं, त्यावर तिचा प्रश्न, “राजा कोण होता?” राजा नव्हताच. राजधानी इथे आणली ती गेन्मेइ या सम्राज्ञीने. आईला हे फार आवडलं आणि पुढचा अर्धा तास तिने गुडघ्याचं नाव काढलं नाही.

शोसोइन हे तोदाइजी देवळाचं लाकडी कोठार. सम्राट शोमु वारल्यावर, ७५६ साली, कोम्यो सम्राज्ञीने त्याच्या वापरातल्या वस्तू तिथल्या बुद्धाला अर्पण केल्या. आज कोठाराच्या संग्रहात सुमारे ९,००० वस्तू आहेत आणि दर शरद ऋतूत त्यांतल्या साठ-सत्तरच बाहेर येतात. त्या वर्षी पाच तारांचा बिवा, म्हणजे एक तंतुवाद्य, आला होता. प्राचीन काळचा असा दुसरा जगात शिल्लक नाही आणि त्याचा वाद्यप्रकार मूळचा भारतातला मानतात.

आत त्या एका काचेपुढे वेगळी रांग! अगदी जवळून बघायचं तर पुन्हा अर्धा तास, आणि तेही पाय चालते ठेवून. नाहीतर मागून, लोकांच्या खांद्यांवरून, लगेच. मी जपानी पाट्या वाचत बसलो होतो, आईला वाचायची गरजच पडली नाही. “हे मुखदर्शन आणि ते पदस्पर्श. चल, पदस्पर्शाच्या बारीत.” पंढरपूरला आयुष्यभर उभी राहिलेली बाई ती. काचेपाशी आम्हाला वीसेक सेकंद मिळाली असतील. तेवढ्यात उंटावर बसून वाद्य वाजवणारा माणूस दिसला, शिंपल्याच्या तुकड्यांनी जडवलेला. आई पुढे ढकलली जाता जाता मान वळवून बघत राहिली.

जेवण हिरवळीवर, घरून नेलेले धपाटे. तोदाइजीचा महाबुद्ध राहून गेला, याची रुखरुख मला अजून आहे. ७५२ साली त्याचे डोळे रंगवून प्राणप्रतिष्ठा केली ती बोधिसेन या भारतातून गेलेल्या भिक्षूने, आणि त्याने हातात धरलेला तो कुंचला शोसोइनात अजून जपलेला आहे.

दुपारी यामातो-साइदाइजी स्थानकातून बसने राजवाड्याच्या जागेवर गेलो. तिथे भलंथोरलं माळरान आणि त्यात एकटं उभं असलेलं, त्याच वर्षी नव्याने बांधून पूर्ण केलेलं दाइगोकुदेन, म्हणजे दरबार. उंची सुमारे २७ मीटर, शेंदरी खांब ४४. मूळ इमारतीचं चित्र उरलेलं नाही, म्हणून होर्युजीसारखी जुनी देवळं अभ्यासून आराखडा केला. डोक्यावर हरणाची शिंगं असलेला सेन्तो-कुन, सोहळ्याचा बाहुला, जिकडेतिकडे होता. बुद्धासारख्या मुलाला शिंगं लावली म्हणून त्यावरून आधी बराच गदारोळ झाला होता. आईचं मत : “गोड आहे की.”

दरबारापासून सुझाकु दरवाज्याकडे निघालो आणि वाटेत चक्क रेल्वे फाटक लागलं, तेही बंद. राजवाड्याच्या ऐन आवारातून किंतेत्सु रेल्वेचे रूळ जातात. १९१४ साली ते टाकले तेव्हा राजवाड्याची पुरती हद्द माहीतच नव्हती. ७८४ साली राजधानी हलली आणि इथे भातखाचरं झाली. ही जागा वाचावी म्हणून तानादा काजुरो नावाच्या माळ्याने घरदार पणाला लावलं आणि १९२१ साली स्वतःचा जीव दिला. फाटकाशी उभ्या उभ्या मी हे आईला सांगत होतो.

“माळी होता?” तिने विचारलं. गाडी धडधडत गेली, फाटक वर गेलं, आणि आई म्हणाली, “थांब जरा, दुसऱ्या बाजूने पण येतेय.”