तायक्वांदो नेमकं कुणाचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. मी तायक्वांदो शिकवते. नवीन पालक, कराटे शिकवणारे स्नेही आणि अलीकडे कोरियन मालिका बघणाऱ्या कॉलेजच्या मुली, सगळे मला एकच गोष्ट विचारतात: "मॅडम, तायक्वांदो खरंच दोन हजार वर्षं जुनं कोरियन आहे, की ते जपानी कराटेच, नुसतं नाव बदललेलं?" विचारणाऱ्याच्या सुरावरून त्याला कुठलं उत्तर हवं आहे ते बहुतेक वेळा लगेच कळतं.

माझं उत्तर सरळ आहे. तायक्वांदो कराटेतून जन्मलं, आणि ते कोरियाचंच आहे. मला या दोन वाक्यांत भांडण दिसत नाही. ज्यांना दिसतं त्यांच्यासाठी सविस्तर सांगते.

1910 ते 1945 कोरिया जपानच्या ताब्यात होता. शिक्षणासाठी जपानला जाणाऱ्या कोरियन तरुणांना तिथल्या विद्यापीठांमध्ये कराटे भेटलं. ली वॉन-कुक आणि रो ब्योंग-जिक हे दोघे तोक्योत गिचिन फुनाकोशी या कराटे-गुरूंच्या परंपरेत शिकले. मायदेशी परतल्यावर 1944 साली ली यांनी सोलमध्ये 'चुंग दो क्वान' काढलं आणि रो यांनी केसोंगमध्ये 'सोंग मू क्वान'. युन ब्योंग-इन मांचुरियात चिनी मुष्टियुद्ध शिकले होते, पुढे जपानात तोयामा कानकेन यांच्याकडे कराटे शिकले. क्वान म्हणजे त्या काळच्या तालमी. युद्ध संपल्यावर अशा अनेक क्वान उभ्या राहिल्या आणि पुढे त्याच एकत्र येऊन तायक्वांदो घडलं. त्यांच्या संस्थापकांपैकी बऱ्याच जणांच्या शिक्षणाचा पत्ता शोधत गेलं की आपण जपानी विद्यापीठाच्या कराटे क्लबाच्या दारात पोचतो.

माणसांच्या नोंदींपेक्षा मला शरीराची साक्ष जास्त पटते. ओकिनावातल्या इतोसु आन्को या शिक्षकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळकरी मुलांसाठी पाच काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, रचल्या, त्यांचं नाव पिनान. फुनाकोशींनी त्या तोक्योत नेल्या आणि त्यांना हेआन म्हटलं. कोरियात ह्वांग की यांच्या तांग सू दो पद्धतीत त्याच पाच आज प्योंगआन नावाने शिकवल्या जातात. क्रम, वळणं, पावलं जवळजवळ तीच. कराटे सोडून माझ्याकडे आलेली मुलं वॉन-ह्यो हा पॅटर्न, म्हणजे तायक्वांदोतली काता, पहिल्यांदा बघतात तेव्हा सुरुवातीच्याच हालचालींना म्हणतात, "हे तर आम्हाला येतं!" येतंच, कारण दोन्ही हात एकदम उचलून होणारी ती सुरुवात हेआन निदानची आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांना जे दिसतं ते मोठ्यांनी नाकारावं, हे मला शिक्षक म्हणून जमत नाही.

मग दोन हजार वर्षांची गोष्ट आली कुठून? तिचे पुरावे म्हणून दोन-तीन गोष्टी नेहमी पुढे केल्या जातात. गोगुर्यो राज्यातल्या एका थडग्यात, जे आज चीनच्या जिआन शहराजवळ आहे, भिंतीवर समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन पुरुषांचं चित्र आहे. सिल्ला राज्यात ह्वारांग नावाची तरुण उमरावांची संघटना होती. हे सगळं खरं आहे. पण चित्रातली माणसं झुंजतायत एवढ्यावरून त्यांची विद्या आजच्या दोजांगपर्यंत, म्हणजे तायक्वांदोच्या तालमीपर्यंत, पोचली असं सिद्ध होत नाही. मधली साखळी कुणी दाखवत नाही, आणि 1944 नंतरची साखळी मात्र नावानिशी दाखवता येते.

कोरियात जुनं काहीच नव्हतं असं म्हणणारे कराटेवाले मला तितकेच चुकीचे वाटतात. तेक्क्योन होतं. सोंग देओक-गी हे 1893 साली जन्मलेले गृहस्थ ही विद्या उराशी धरून वसाहतीच्या काळातून तगले. त्यांच्या हयातीतच, 1983 साली, कोरियन सरकारने तेक्क्योनला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला, आणि 2011 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला. तेक्क्योन बघाल तर त्यात नाचासारखी डुलती पावलं, पायाने पाडणं, ढकलणं आणि उंच लाथा आहेत. मुठीचा ताठ ठोसा, खोल घोडा-आसन, कंबरेशी ओढलेला हात हे कराटेचं व्याकरण त्यात नाही. तायक्वांदोच्या लाथांवर तेक्क्योनची सावली पडली असेल, पण तायक्वांदोचा सांगाडा तेक्क्योनमधून आलेला नाही.

आता मला सगळ्यात प्रिय असलेला पुरावा. 1790 साली जोसॉन राजघराण्याच्या राजा जोंगजोच्या आज्ञेने 'मुये दोबो तोंगजी' हा युद्धकलांचा सचित्र ग्रंथ तयार झाला. तायक्वांदो प्राचीन आहे असं सांगणारे त्याचा हवाला देतात. तो उघडून बघावा. त्यात चोवीस युद्धविद्या आहेत, त्यांतल्या अनेक चिनी सेनापती छी जिग्वांगच्या ग्रंथावरून घेतलेल्या, आणि तलवारीच्या प्रकारांत एक चक्क 'जपानी तलवार' या नावानेच आहे. जपानने 1592 ते 1598 या काळात कोरियावर दोनदा स्वारी करून देश उद्ध्वस्त केला होता. त्या शत्रूची तलवारबाजी कोरियन दरबाराने शिकून घेतली, चित्रं काढली आणि कुणाकडून घेतली तेही लिहून ठेवलं. या प्रामाणिकपणाचा कोरियन माणसाने खरा अभिमान बाळगावा, असं मला मनापासून वाटतं.

मग दीडशे वर्षांनी हाच प्रामाणिकपणा इतका अवघड का झाला? वसाहतीच्या शेवटच्या वर्षांत शाळांतून कोरियन भाषा हद्दपार झाली. 1940 पासून लोकांवर जपानी नावं घेण्याची सक्ती झाली. ज्यांची नावंसुद्धा हिरावली गेली त्यांना "तुमची राष्ट्रीय युद्धकला तुम्ही त्यांच्याकडूनच शिकलात" हे वाक्य 1950 च्या दशकात कसं गिळवणार? मला ती वेदना कळते. म्हणूनच दोन हजार वर्षांची गोष्ट सांगणाऱ्या कोरियन शिक्षकाची टर उडवणाऱ्यांच्या पंगतीला मी बसत नाही.

जनरल चोई होंग ही यांच्यात ही ओढाताण स्पष्ट दिसते. ते तरुणपणी जपानात शोतोकान, म्हणजे फुनाकोशींच्या शाळेचं कराटे शिकले. 1955 साली त्यांच्या पुढाकाराने तायक्वांदो हे नाव पुढे आलं, पण ते लगेच रुळलं नाही. मधली काही वर्षं कोरियातल्या संघटनेचं नाव ताएसूदो होतं आणि 1965 साली तायक्वांदो पक्कं झालं. त्याच वर्षी आलेल्या चोईंच्या इंग्रजी पुस्तकात शोतोकानच्या काता अजून होत्या, नंतर त्या गळाल्या. त्यांच्या जागी आलेल्या पॅटर्नना त्यांनी कोरियन इतिहासातली नावं दिली. एकाचं नाव जूंग-गन. आन जुंग-गन यांनी 1909 साली हार्बिन स्टेशनवर इतो हिरोबुमी या जपानी नेत्याला गोळ्या घातल्या आणि पुढच्या वर्षी त्यांना मृत्युदंड झाला. पॅटर्नमध्ये 32 हालचाली आहेत, कोरियन पद्धतीने मोजलेल्या त्यांच्या मृत्यूसमयीच्या वयाइतक्या. जपानकडून मिळालेल्या हालचालींनी जपानविरुद्धच्या हुतात्म्याला वाहिलेली ही आदरांजली. हा पॅटर्न शिकवताना मी हे दोन्ही सांगते.

तायक्वांदो कोरियाचं ठरतं ते पुढच्या कामामुळे. कोरियन शिक्षकांनी लढतीचे नियमच बदलले. छातीला संरक्षक कवच बांधून पूर्ण ताकदीने मारायचं, आणि पायाला हातापेक्षा जास्त मोल द्यायचं. त्यातून वळून मारायच्या, उडून मारायच्या, एकामागून एक सुटणाऱ्या लाथांचं असं शास्त्र तयार झालं, की कराटेच्या कुठल्याही शाळेत ते तसं नव्हतं. 1972 साली सोलमध्ये कुक्कीवॉन हे तायक्वांदोचं मुख्यालय उभं राहिलं, 1973 साली जागतिक महासंघ आला, 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिकाचा मान मिळाला आणि 2000 साली सिडनीत पदकं. कराटेला ऑलिंपिकची पदकं थेट तोक्योत, 2021 साली झालेल्या स्पर्धेत मिळाली, आणि पॅरिसला ते पुन्हा बाहेर गेलं. आजचा तायक्वांदोचा सामना आणि कराटेचा सामना शेजारी ठेवा, नवखा माणूसही दोन वेगळे खेळ म्हणून ओळखेल.

माझ्या कराटेवाल्या स्नेह्यांना मात्र एक गोष्ट आग्रहाने सांगावी लागते. "कोरियाने मूळ लपवलं" हा आरोप करताना कराटेचा स्वतःचा प्रवासही बघा. कराटे ओकिनावाचं, आणि ओकिनावा म्हणजे 1879 साली जपानने गिळलेलं र्‍युक्यू राज्य. त्या राज्याचे चीनशी शतकानुशतकांचे संबंध होते आणि कराटेच्या नावातच चीनचा उल्लेख होता. फुनाकोशी 1922 साली प्रात्यक्षिकासाठी तोक्योला आले. पांढरा पोशाख आणि पट्टा जुदोकडून आला, कातांची ओकिनावी नावं बदलून जपानी झाली, कुसान्कुचं कान्कु झालं. 1936 साली नाहा शहरात जमलेल्या गुरुजनांनी चीन सुचवणारं अक्षर सोडून 'रिकामा' या अर्थाचं अक्षर स्वीकारायला संमती दिली, आणि पुढच्याच वर्षी जपानचं चीनशी युद्ध पेटलं. जपानी राष्ट्रवादाच्या त्या काळात चिनी नाव घेऊन कराटे पुढे जाणं कठीण होतं. कोरियाने वीस वर्षांनी जे केलं त्याचा धडा त्याला इथे मिळाला होता.

आणि क्योकुशिन? "जपानी कराटेची सगळ्यात कडक शाळा" म्हणून आपल्याकडची मुलं तिच्या मागे असतात. तिचे संस्थापक मासुतात्सु ओयामा कोरियात जन्मले, मूळ नाव चोई योंग-उइ. त्यांचं कराटे जपानीच आहे, यात मला शंका नाही. मग चोई होंग ही यांचं तायक्वांदो कोरियन म्हणायला हरकत कसली?

सगळ्याच वादांत मी अशी मधे उभी राहत नाही. हापकिदो या कोरियन युद्धकलेचं मूळ जपानी दाइतो-र्‍यूमध्ये आहे. केंडो हा जपानी तलवारबाजीचा खेळ कोरियातून गेला हा दावा तर मला अजिबात मान्य नाही. शिनाई ही बांबूची सरावाची तलवार आणि अंगावरचं कवच घेऊन सराव करण्याची पद्धत अठराव्या शतकातल्या जपानात घडली. कोरियन खेळाडूंनी तैपेईत 2006 साली केंडोचं सांघिक जगज्जेतेपद जिंकलं, ती त्यांची खरी कमाई आहे आणि ती पुरेशी आहे.

राहिला आपल्याकडचा खास प्रश्न, जो पालक हमखास जोडतात: "पण शेवटी हे सगळं भारतातूनच गेलं ना? बोधिधर्माने शाओलिनमध्ये शिकवलं म्हणतात." नाही हो. बोधिधर्म या बौद्ध भिक्षूबद्दलच्या सगळ्यात जुन्या चिनी नोंदींत लढाईचा शब्दही नाही. त्याच्या नावावर खपवलेला व्यायामाचा ग्रंथ सतराव्या शतकातला, म्हणजे त्याच्यानंतर हजार वर्षांहून अधिक काळाने आलेला. बोधिधर्म आपला म्हणून ती गोष्ट मला गोड लागते, पण कोरियन शिक्षकाला जो पुरावा मी मागते तो स्वतःलाही मागावा लागतो. म्हणून माझ्या वर्गात ती गोष्ट सांगितली जात नाही.

ज्यांना मुलांना इथल्याच मातीतलं काही शिकवायचं आहे त्यांना मी कोल्हापूरला मर्दानी खेळांच्या तालमीत पाठवते. लाठी, फरी-गदका, विटा (दोरी बांधलेला भाला), दांडपट्टा, सगळं तिथे आजही वस्तादांच्या हाताखाली शिकता येतं. दांडपट्ट्याला तर 2024 साली महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून मान मिळाला. तिथे कुणी फिरंग तलवार दाखवली तर तिचं पातं नीट बघा. अशी कितीतरी पाती युरोपातून, पोर्तुगीजांमार्फत, येत असत. मराठ्यांनी ती आपल्या मुठीत बसवली आणि नावातही ते लपवलं नाही.