ग्रबच्या मेनूत विंडोज दिसेना, तेव्हा

विंडोजशेजारी लिनक्स बसवताना काहीच अडलं नाही. अडलं ते नंतर. मशीन चालू केलं की थेट लिनक्स, आणि ग्रबच्या (मशीन सुरू होताना कोणती सिस्टिम चालवायची ते विचारणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेनूत विंडोजचं नावही नाही.

कुणालाही विचारा, उत्तर एकच: ग्रब पुन्हा इन्स्टॉल करा. एवढी घाई करू नका. आधी फर्मवेअरचा, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरचा, बूट मेनू उघडा (बऱ्याच मशीनवर एफ१२, काहींवर एस्केप किंवा एफ९) आणि 'विंडोज बूट मॅनेजर' निवडा. माझं विंडोज तिथून व्यवस्थित सुरू झालं आणि जीव भांड्यात पडला. म्हणजे ईएफआय पार्टिशनमधल्या (डिस्कच्या सिस्टिम सुरू करणाऱ्या भागातल्या) त्याच्या फाइली शाबूत होत्या, फक्त ग्रबला त्यांचा पत्ता नव्हता.

मग ग्रबचा मेनू नव्याने बनवणारी 'अपडेट-ग्रब' ही कमांड चालवत बसलो. दर वेळी लिनक्सचे कर्नल (सिस्टिमचा गाभा) सापडायचे आणि शेवटी 'डन' यायचं. मधेच एक इशारा असायचा: ओएस-प्रोबर चालवला जाणार नाही. सगळी गोम तिथे होती. दुसऱ्या सिस्टिम शोधायचं काम हाच प्रोग्रॅम करतो. त्यासाठी तो सगळी पार्टिशनं उघडून बघतो, आणि ते सुरक्षेला धोक्याचं म्हणून २०२१ साली आलेल्या ग्रब २.०६ पासून तो मुळातच बंद ठेवलेला असतो. कारण मला पटतं. पण माझ्या इन्स्टॉलरने पार्टिशन करताना विंडोज ओळखलं होतं, 'शेजारी बसवू का' असं विचारलंही होतं. मग मेनू बनवताना तेवढंच का विचारू नये? याचा राग अजून गेलेला नाही.

उपाय एका ओळीचा. ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरात 'ग्रब' नावाची फाइल आहे. तीत 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स' लिहायचं; बरोबरच्या चिन्हाआधीचं सगळं कॅपिटल, 'फॉल्स' स्मॉल. मग पुन्हा अपडेट-ग्रब. ज्या लिनक्समध्ये ती कमांड नाही, तिथे ग्रब-एमकेकॉन्फिग. ओएस-प्रोबरचं पॅकेज मशीनवर आहे ना, तेही बघा. तयार मेनूची 'ग्रब डॉट सीएफजी' ही फाइल हाताने बदलू नका, पुढच्या अपडेटला ती नव्याने लिहिली जाते.

मेनू क्षणभरही दिसत नसेल, तर त्याच फाइलीत टाइमआउट स्टाइल 'हिडन' असेल, ती 'मेनू' करा.

आणि हे खरं तर सगळ्यात आधी करायचं: विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर ते अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्समधून त्याच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल, तर सिक्युअर बूटला (सुरू होताना फक्त विश्वासू प्रोग्रॅम चालू देणाऱ्या फर्मवेअरमधल्या सोयीला) हात लावण्याआधी रिकव्हरी की दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवा.